मदत हवी आहे: खाडीतली बोटफेरी भरतीत करावी की ओहोटीत?

पुढच्या पंधरवड्यात आईबाबांना घेऊन खाडीतून बोटीने फिरायचा बेत आहे. घाई नाही, आरामात बघत जायचंय. प्रश्न अडलाय तो निघायच्या वेळेचा.

गेल्या खेपेला पूर्ण ओहोटीला निघालो. पक्षी भरपूर दिसले. उघड्या गाळावर तुतारी (चिखलात चरणारे छोटे पक्षी) चोची खुपसत पळत होते, कांदळवनाची श्वासमुळं खिळ्यांसारखी वर आलेली, मध्येच निवट्या (चिखलात उड्या मारणारे मासे) टुणकन उडायच्या. पण वळणावर बोट रुतली आणि पाणी चढेपर्यंत दोन तास उन्हात बसलो. (छत्री गाडीत!) पूर्ण भरतीत गेलं तर आतल्या चिंचोळ्या फाट्यांत शिरता येतं, पण चिखल बुडतो आणि पक्षी लांब जातात.

म्हणून वाटतंय, ओहोटी संपल्यावर दीडेक तासाने, चढत्या पाण्यावर निघावं. रुतलो तरी पाणीच उचलेल. बरोबर आहे का? भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणजे सकाळची वेळ गाठायला तारीख हुडकावी लागणार. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळून अष्टमीच्या आसपास, भांगाच्या (भरती-ओहोटीत फरक कमी असतो त्या) दिवसांत जावं का? तेव्हा पाण्याची ओढ कमी असते, पण चिखल पुरेसा उघडा पडतो का?

आणि हलत्या बोटीतून दुर्बीण कितीची चालते? माझ्या दहापटीच्या दुर्बिणीतून खंड्या नुसता थरथरत होता.