आजीचं सहस्रचंद्र गुहागरला: घरच्या ग्रुपवरची चर्चा

दादा: सगळ्यांना नमस्कार. दत्तजयंतीला आजीला ८१ पूर्ण होतायत. आधारकार्डावर १ जून आहे, पण ती तारीख शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली. खरा जन्म मार्गशीर्ष पौर्णिमेचा. यंदा ती ४ डिसेंबरला, गुरुवारी येतेय. पुण्यात एक हॉल बघून ठेवलाय, दीडशे माणसांचा. सगळ्यांनी हो म्हटलं की आगाऊ रक्कम भरतो.

अण्णाकाका: सहस्रचंद्रदर्शनाची शांत करायचीच. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा, म्हणजे हजार पौर्णिमांना २९,५३० दिवस, साधारण ८० वर्षं १० महिने. हजारावी पौर्णिमा केव्हाच होऊन गेली. आता आणखी लांबवायला नको. गुरुजींना मी सांगतो.

आत्या: हॉल घेतला तर माझ्या सासरच्यांनाही बोलवावं लागेल. यादी वाढेल रे.

आई: हॉल घ्यायच्या आधी एक ऐका. काल जेवताना मी आईंना सरळ विचारलं, तुम्हाला काय करावंसं वाटतं? म्हणाल्या, "मला गुहागरला न्या. व्याडेश्वराला जाऊ आणि समुद्र बघू." मी म्हटलं, आणि कार्यक्रम? तर म्हणाल्या, "तो तुम्ही करा, मी बसेन." एवढ्यावरून काय ते समजा.

अण्णाकाका: या वयात घाट उतरून कोकणात? गुडघ्यांचं काय? इन्सुलिनचं काय? मला हे पटत नाही.

बाबा: अण्णा, मामाच्या वर्षश्राद्धानंतर ती माहेरी गेलेलीच नाही. दर दिवाळीत "पुढच्या वर्षी जाऊ" म्हणतो आपण.

वहिनी: अण्णा, मला काकूंचं पटतंय. हॉलमध्ये आजी चार तास खुर्चीत बसून नमस्कारच घेत राहतील. आमच्या चिमणीलाही समुद्र बघायला मिळेल.

आत्या: मी गुहागरला तयार. डोंबिवलीहून मला रेल्वेनं चिपळूणला उतरणं सोपं. तिथून कुणीतरी गाडीत घ्या, पुढे पंचेचाळीसेक किलोमीटर तर आहे.

दादा: बरं, हॉल रद्द. मग सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर करू, सगळे एकत्र. रस्ता ताम्हिणीचा, माणगावला हायवे, कशेडीच्या बोगद्यातून खेड, चिपळूण. सकाळी सहाला निघालो तर दुपारच्या जेवणाला गुहागर.

मी: रस्त्याबद्दल आजीला विचारलं. ती बोलली तसं लिहितेय:

"ताम्हिणी नको. कुंभार्लीनं न्या. लग्न झाल्यावर त्याच घाटानं कराडला आले, एसटीत बसून. पोफळी सोडलं आणि गाडी चढायला लागली. मी खिडकीतनं सारखी मागे बघत होते. खाडी दिसेना, माड दिसेनात, नुसते डोंगर. हेळवाकला गाडी थांबली, तिथे माझ्या आत्यानं मला पाणी पाजलं. पाठराखीण म्हणून तीच आली होती. आता उलट्या बाजूनं उतरायचंय मला."

अण्णाकाका: हे आई मला कधी बोलली नाही.

मी: काका, अजून आहे. "भूकंप झाला त्या पहाटे अण्णा सहा महिन्यांचा. भांडी फळीवरनं धडाधड खाली. त्याला पदरात गुंडाळून अंगणात पळाले, थंडी अशी की दात वाजत होते. उजाडेपर्यंत कुणी घरात गेलं नाही. कोयनेवरनं जाऊ तेव्हा त्याला दाखवा, म्हणावं हीच ती कोयना."

अण्णाकाका: ११ डिसेंबर १९६७. ठीक आहे. कुंभार्लीनंच जाऊ. पण पुणे-गुहागर एका दिवसात नाही. पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटर होतात. मंगळवारी कराडला माझ्याकडे मुक्काम. बुधवारी सावकाश निघू, पाटण, कोयनानगर, घाट, चिपळूण. गुरुवार पूर्ण गुहागरात.

ताई: अण्णामामा, मुक्कामाचं तुम्ही बोललात ते फार बरं झालं. आता मला जरा सविस्तर लिहू द्या. आजीच्या गुडघ्यांवर मी गेलं वर्षभर व्यायाम घेतेय, त्यामुळे काय जमेल आणि काय नाही ते मला माहीत आहे.

टेम्पो ट्रॅव्हलर आजीसाठी नाही. पहिली पायरी उंच, आत वाकून सरकायचं, उतरताना सगळा भार एका गुडघ्यावर. दादाची नवी उंच गाडीही नको, तिला चढावं लागतं. धाकट्या मामाची जुनी गाडी योग्य. तिची सीट आजीच्या कमरेच्या उंचीला येते. आजीनं आधी गाडीकडे पाठ करून सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय जोडून एकदम आत घ्यायचे. सीटवर गुळगुळीत कापड टाका, म्हणजे अंग वळवताना ओढ बसत नाही. हात धरून ओढू नका. तिला दाराच्या कडेचा आधार घेऊ द्या, तुमचा हात कोपराखाली फक्त असू दे.

दर सव्वा-दीड तासाला गाडी थांबवायची, आजी नको म्हणाली तरी. पाच मिनिटं उभं राहायचं, पावलं हलवायची. तासन् तास पाय लोंबकळते ठेवले की सूज येते आणि रक्त साकळायची भीती असते. संडास लागेल या धास्तीनं ती प्रवासात पाणीच पीत नाही, हे मी पाहिलंय. म्हणून कमोडची घडीची खुर्ची गाडीत हवीच. ती बरोबर आहे हे आजीला आधीच दाखवा, म्हणजे ती पाणी पिईल.

घाटात पोटाला तडस लागेल असं खायला देऊ नका. साखरेच्या गोळीमुळे उपाशीही ठेवता येणार नाही. दोन-दोन घास, मधून मधून. मळमळीची गोळी कुणी आपल्या मनानं देऊ नका. या वयात तिनं गरगरतं आणि तोल जातो. डॉक्टरांना आधी विचारते.

आई: इन्सुलिनचं मी बघते. थंड पिशवीत, पण बर्फाला चिकटून नाही, मध्ये टॉवेल. गोठलं की ते फुकट जातं. डॅशबोर्डच्या कप्प्यात तर कुणीच ठेवू नका, उन्हात तिथे भट्टी होते. गोळ्यांचे दोन संच करतेय, एक माझ्या पर्समध्ये, एक वहिनींकडे.

दादा: पटलं. पण मग सगळे एकत्र ही गंमत गेली ना. आजी एका गाडीत, नातवंडं दुसरीकडे.

मी: दर थांब्याला आजीशेजारचं माणूस बदलायचं. पुणे ते सातारा चिमणी आणि वहिनी. सातारा ते कराड बाबा पुढे, मागे मी. घाटात अण्णाकाका. चिपळूणपासून आत्या. आजीला दर तासाला नवं माणूस, आणि प्रत्येकाला आजी एकटी मिळेल.

आत्या: हे फार छान सुचलं तुला. चिपळूण ते गुहागर माझं पक्कं. कुणी मागू नका.

छोटा दादा (स्टुटगार्ट): मला रजा मिळत नाहीये, खूप प्रयत्न केला. एक काम करा माझ्यासाठी. घाटात आजी बोलत असेल तेव्हा फोनवर नुसता आवाज घ्या. व्हिडिओ नको, कॅमेरा समोर आला की ती पदर सावरते आणि गप्प होते.

अण्णाकाका: करतो. तू तिकडे जेवणाची आबाळ करू नकोस.

दादा: राहायचं कुठे? समुद्राला लागून एक रिसॉर्ट आहे, खोल्यांतून लाटा दिसतात. फोटो टाकलेत.

ताई: फोटोत सतरा पायऱ्या दिसतायत, दादा. आणि कठडा एकाच बाजूला.

बाबा: मामींशी बोललो. त्या गुहागरातल्या वरच्या पाट वस्तीतल्या घरी आहेत, मुलगा-सून बरोबर. म्हणाल्या, "वन्सं माझ्याकडे नाही उतरल्या तर मी बोलणार नाही कुणाशी." माजघराशेजारची खोली रिकामी करतायत. नळाचं पाणी आत घेतलंय, कमोड मागच्याच वर्षी बसवलाय. आपण बाकीचे जवळच एका घरगुती निवासात राहू.

आई: मग प्रश्नच मिटला. त्यांच्या घरी जेवणाचा ताण नको पण. गुरुवारचं जेवण बाहेरून सांगू. मार्गशीर्षातला गुरुवार आहे, निम्म्या बायकांचा उपास, हेही धरा. वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी वेगळी लागेल.

मोठी काकू: औक्षण ८१ दिव्यांनी करायचं. कणकेचे दिवे मी कराडलाच करून आणते. हळद घालून घट्ट मळले की प्रवासात मोडत नाहीत. वाती गुहागरला घालू.

अण्णाकाका: आईला तराजूत बसवून तिची गुळाची तुला करायची माझी इच्छा आहे. कराडच्या बाजारात चांगला गूळ मिळेल.

मी: आजीला सांगितलं. "मला तराजूत बसवू नका. माझं वजन दवाखान्याच्या कागदावर आहे, तेवढ्या वह्या घ्या आणि गावातल्या शाळेत द्या. मी सातवीची फायनल पास झाले तेव्हा वडलांनी पुढच्या वर्गाची वही आणून ठेवली होती. ती कोरीच राहिली." एवढंच बोलली आणि पोळ्या लाटायला उठली.

अण्णाकाका: बावन्न किलो वह्या. कराडहून मी घेतो. एकाही पानावर आपलं नाव छापायचं नाही.

दादा: समुद्राचं काय? वाळूत चाकाची खुर्ची रुतते. मी आणि छोटा मामेभाऊ तिला उचलून नेऊ शकतो.

ताई: उचलायचं नाही. तिला आवडणारही नाही आणि धोकाही आहे.

मी: यावर आजीनं जे सांगितलं ते वाचा. "तिथीला तीननं गुणायचं, चारानं भागायचं, भरतीची वेळ निघते." वडलांनी शिकवलेलं. पौर्णिमा म्हणजे १५. तीनदा ४५, चारानं भागले की सव्वाअकरा. सकाळी साधारण सव्वाअकराला भरती, तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी साडेपाच. पौर्णिमेला पाणी चढतं जास्त तसं ओसरतंही लांबवर. मागे राहते ती ओली वाळू दगडासारखी घट्ट असते. म्हणाली, "त्या वाळूवर आम्ही सायकल शिकलो. खुर्ची कशी रुतेल?"

बाबा: भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक काढून बघितलं. थोडा फरक पडतोय, पण आजीचा हिशेब बसतोय.

दादा: म्हणजे सुरुच्या बनापासून ओल्या वाळूपर्यंतचाच पट्टा भुसभुशीत. तेवढ्यावर दोन प्लायवूडच्या फळ्या टाकू, एक मागून पुढे सरकवत. फळ्या माझ्याकडे आहेत.

आत्या: आणि साडेपाचच्या सुमारास सूर्य समुद्रात उतरत असेल. पौर्णिमा म्हणजे त्याच वेळेला मागून, वाड्यांवरून चंद्र वर येणार! अण्णा, पूजा सकाळी उरका. चंद्रदर्शन आईला किनाऱ्यावरच घडवायचं.

अण्णाकाका: गुरुजींना विचारलं. सकाळी शांत आणि अभिषेक, संध्याकाळी चंद्राला अर्घ्य. ते म्हणाले, समुद्रकाठी अर्घ्य द्यायला मिळतंय यापेक्षा चांगलं काय.

*(मंगळवार)*

बाबा: निघालो. आजी पुढच्या सीटवर, गुळगुळीत कापड घातलंय. पाणी मागून पितेय.

मोठी काकू: कराडला पोहोचले सगळे. आईंनी भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली. साखर तपासली, ठीक आहे.

*(बुधवार)*

अण्णाकाका: हेळवाकला थांबलो. आईला गाडीतून उतरून उभं राहायचं होतं. एसटी कुठे उभी राहायची ती जागा तिनं दाखवली. आता तिथे टपरी आहे. त्या टपरीवरच्या माणसाकडून पाणी मागून घेतलं आणि प्यायली. आवाज घेतलाय, साडेबावीस मिनिटं आहे. रात्री पाठवतो. मला आत्ता बोलवत नाही.

आत्या: चिपळूण स्टेशनवर आई मला बघून म्हणाली, "केस का गं इतके पिकवलेस?"

आई: वरच्या पाटात पोहोचलो. मामी अंगणात भाकरतुकडा घेऊन उभ्या. दोघी नणंदा-भावजया एकमेकींना धरून उभ्या राहिल्या, सोडायलाच तयार नाहीत. ताई म्हणाली, राहू द्या, दोघींना एकमेकींचा आधार आहे.

*(गुरुवार)*

ताई: फळ्यांची युक्ती चालली. ओल्या वाळूवर खुर्ची सहज गेली, चिमणीनं ढकलली असं तिचं म्हणणं. पाणी घोट्याला लागल्यावर आजी म्हणाली, उभं करा. दोन मिनिटं उभी राहिली, दोन्हीकडे कोपराखाली हात. मग अर्घ्य दिलं. सूर्य अजून पुरता बुडाला नव्हता आणि चंद्र माडांच्या वर आला होता.

छोटा दादा (स्टुटगार्ट): आवाज ऐकला. दोनदा. बसमध्येच ऐकला.

मोठी काकू: औक्षण आत्ता झालं. ८१ पैकी एकही दिवा वाटेत मोडला नाही. वारा नको म्हणून माजघरात लावले, मामींनी पहिली वात पेटवली.

अण्णाकाका: वह्या सकाळीच शाळेत दिल्या. मुख्याध्यापक बाईंनी आईला वर्गात नेलं. सातवीचाच वर्ग होता. आईनं एक वही स्वतःसाठी ठेवून घेतली.

दादा: आजीचं नवीन फर्मान. उद्या हेदवीला दशभुजा गणपतीला जायचंय. वाटेत वेळणेश्वरही घ्यायचं. परतीचा दिवस पुढे ढकलू का?

ताई: सकाळी गुडघ्यांवरची सूज बघून मी सांगते. देवळापर्यंत पायऱ्या किती, गाडी कुठपर्यंत जाते, हे मामींना विचारून ठेव.

बाबा: माझी रजा सोमवारपर्यंत आहे.

आई: इन्सुलिन रविवारपर्यंत पुरेल. गुहागरच्या औषधाच्या दुकानात चौकशी करून ठेवते. दादा, तू डिझेल आजच भरून घे.