जांबुघोड्याचे आतले रस्ते रविवारी सकाळी मोटारींना बंद ठेवावेत का?

सुरसागरकाठी

बडोद्यात रोड सायकल चालवणाऱ्याला चढ हवा असेल तर पूर्वेलाच जावं लागतं. बाकी तिन्ही दिशांना सगळं सपाट. पावागड उजव्या हाताला ठेवून शिवराजपूर मागे टाकलं की रस्ता वर-खाली व्हायला लागतो आणि थोड्याच वेळात जांबुघोडा अभयारण्य सुरू होतं. १९९० साली जाहीर झालेलं, सुमारे १३० चौरस किलोमीटरचं हे जंगल आपल्यापासून साधारण ७० किलोमीटरवर आहे. डोंगर बेताचेच, पण दोन्ही अंगांना साग, बांबू, मोह, मधल्या खोलगट भागात शेतं आणि कडा, तरगोळ ही धरणं. सायकलसाठी याहून चांगला मुलूख आपल्या टप्प्यात नाही.

माझी मागणी सरळ आहे. कडा धरणाकडे आणि झंड हनुमानाच्या देवळाकडे जाणारे आतले अरुंद रस्ते रविवारी सकाळी ६ ते १० बाहेरच्या मोटारींना बंद ठेवावेत. पहिला पाऊस पडला की बडोद्याच्या आणि हालोलच्या गाड्यांची तिथे रीघ लागते. गाण्यांचा आवाज, हॉर्न, वळणावर ओव्हरटेक. समोरून गाडी आली की सायकलवाल्याने डांबराखाली उतरायचं, हे ठरलेलंच. डांबराची कड काही ठिकाणी चार बोटं उंच आहे आणि खाली सुटी खडी. २८ मिलिमीटरचं टायर त्या खडीत रुततं, आणि परत वर घेताना कडेला घासून चाक असं काही सरकतं की माणूस थेट गाडीच्या बाजूला पडतो.

बाहेर हे झालेलं आहे. इंग्लंडमध्ये गॉइट खोऱ्यात १९७० पासून ठरावीक दिवशी रस्ता मोटारींना बंद करण्याचे प्रयोग झाले. अमेरिकेत ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानातल्या केड्स कोव्ह खोऱ्यात ११ मैलांचा फेरा आहे, तो उन्हाळ्यात बुधवारी फक्त पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी असतो. आपल्याकडेही मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ खाली सार्वजनिक सुरक्षेसाठी एखाद्या रस्त्यावर वाहनांना मनाई करता येते. तेव्हा कायद्याची अडचण नाही, मागणारे हवेत.

हालोलची_शिफ्ट

काका, तुम्ही जांबुघोड्यापर्यंत पोचता कसे? शनिवारी रात्री मोटारीच्या मागे रॅकला सायकली बांधून, बरोबर ना? म्हणजे त्या रीघेत तुमच्या गाड्याही आल्या.

मी रोज बडोद्याच्या गोल्डन चोकडीवरून हालोलला कामाला जातो. या रस्त्यावर खरे सायकलवाले आहेत ते कारखान्यांतले कामगार. पाळी सुटल्यावर अंधारात, मागे लाल दिवा नाही, कॅरिअरला डबा बांधलेला, आणि शेजारून ट्रेलर. त्यांना वेगळी पट्टी मिळावी म्हणून कोणी सह्या गोळा केल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. निवांत रस्ता हौसेसाठी मागायचा आणि जिथे माणसं पोटासाठी सायकल मारतात तो रस्ता सोडून द्यायचा, हे मला पटत नाही.

सुरसागरकाठी

भाऊ, हालोल रस्त्याची मागणी तुम्ही अर्जात लिहा, मी सही करतो. पण एक रस्ता वाईट आहे म्हणून दुसराही तसाच राहू द्यायचा का? आणि आमच्यातले बरेच जण पहाटे घरूनच सायकलने निघतात. बाकीच्यांनी गाड्या जांबुघोडा गावातच लावायच्या, आत न्यायच्या नाहीत, हा नियम आम्हालाही लागू.

मांडवीचा_मावळा

माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटार जात नाही. लोक तरी जातातच ना? थोडा त्रास सोसला की सवय होते. माझा पूर्ण पाठिंबा.

बोडेलीची_बाई

माथेरान पहिल्यापासून मोटारीशिवाय वसलं. तिथलं अख्खं गाव त्या हिशोबाने उभं राहिलं आहे. इथली गोष्ट वेगळी.

मी बोडेलीला राहते, नोकरी याच पट्ट्यातल्या शाळेत. जांबुघोड्यात गाव म्हणजे आपल्या कल्पनेतलं चौकाभोवतीचं गाव नव्हे. फळियं, म्हणजे वाड्या असतात, एकेक घर आपापल्या शेतात, मधे टेकाड नाहीतर ओढा. या माणसांना बाजार, दवाखाना, एसटी गाठायची तर तो आतला रस्ता हाच एक धागा आहे. एका इको गाडीत दहा-बारा माणसं, वर मक्याची पोती, पायाशी कोंबड्या. १०८ ला फोन केला तर ती गाडीही इथूनच येते.

सुरसागरकाठी काका, तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं मी नीट वाचलेली आहेत. केड्स कोव्हमध्ये रस्ता बंद करणं सोपं, कारण उद्यान करताना तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन वस्ती उठवली गेली. आज दिसतात ती जुनी लाकडी घरं आणि चर्च, पाहण्यासाठी राखलेली. गॉइट खोऱ्यातली गॉइट्स ब्रिज ही वाडी तर धरणाच्या पाण्याखाली गेली. माणसं गेल्यावर उरलेली शांतता आहे ती. जांबुघोड्यात राठवा आणि नायक आदिवासी माणसं आजही राहतात, शेती करतात, गुरं चारतात. त्यांच्या घरासमोरचा रस्ता बडोद्याच्या लोकांनी बंद करायचा, हे मला मान्य नाही.

सुरसागरकाठी

ताई, 'बाहेरच्या मोटारी' असं मी मुद्दाम म्हटलं आहे. अभयारण्य पंचमहाल आणि छोटाउदेपूर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं. जीजे-१७ आणि जीजे-३४ च्या गाड्या सोडा, रुग्णवाहिका सोडा, दुधाच्या गाड्या सोडा. नाक्यावर नंबरप्लेट पाहून बाकीच्यांना परत पाठवायचं. यात गावकऱ्याचं काय अडतं?

बोडेलीची_बाई

अडतं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे मामा-काका बडोद्याला बांधकामावर नाहीतर कारखान्यात आहेत. त्यांनी मोटारसायकल घेतली ती तिथेच, म्हणजे जीजे-०६. ते गावी येतात कधी? रविवारीच. नाक्यावरचा माणूस त्यांना थांबवून आधार कार्ड मागणार आणि बडोद्यातल्या सायकलवाल्याला, हेल्मेट बघून, सलाम करत आत सोडणार. हे रोज बघते, म्हणून सांगते.

शिवाय शनिवारी झंड हनुमानाला गर्दी असते, श्रावणात तर विचारू नका. रात्री मुक्कामाला राहिलेले भाविक रविवारी सकाळी परततात. त्यांना कुठे कोंडून ठेवणार?

रानवाटा

सगळे मोटारींबद्दल बोलताहेत, मला वेळेबद्दल बोलायचं आहे.

या जंगलात अस्वलं आहेत. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात. पिवळसर, रसाळ, बोटाने दाबली की फुटणारी फुलं, झाडाखाली अक्षरशः सडा पडतो. अस्वल त्यासाठीच येतं, आणि त्याच वेळी टोपल्या घेऊन बायका-मुलंही येतात. अस्वलाचं नाक तिखट, पण नजर आणि कान कच्चे. माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही, आणि दचकलं की ते पळण्याऐवजी अंगावर येतं. गावकरी बोलत, खोकत, काठी आपटत जातात ते यासाठी. आता उतारावर ४० च्या वेगाने, आवाज न करता येणारी सायकल डोळ्यांपुढे आणा. मोटार बंद केली की तुम्हाला हवी ती शांतता मिळेल, पण वळणापलीकडे कोण आहे हे ना तुम्हाला कळेल ना त्याला. पहाटे ६ ही वेळ मार्च ते मे तर नकोच. बिबट्याही उजाडेपर्यंत रस्त्याने चालतो.

दुसरं, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यातल्या सार्वजनिक हमरस्त्याने जायला परवाना लागत नाही. वनखात्याच्या कच्च्या वाटा यात येत नाहीत. फोनवर नकाशा दिसतो म्हणून त्या वाटेला सायकल घालणाऱ्यांना मी स्वतः परत पाठवलं आहे. ज्याला कोणाला तसला मार्ग सापडला असेल त्याने तो कृपा करून सगळीकडे पाठवू नये.

सुरसागरकाठी

वेळेचं म्हणणं मला मान्य आहे आणि ते मी अर्जात घालतो. सकाळी ८ ते ११, आणि मार्च ते मे अजिबात नाही. वळणावर घंटी वाजवायची, एकामागे एक चालायचं, कच्च्या वाटेला जायचं नाही.

पण मोटारींबद्दल मी मागे हटत नाही. जंगलातल्या मोकळ्या, अरुंद रस्त्यावर ज्याला मुक्कामाचं गावच नाही, फक्त गाडीत बसून धरण बघून यायचं आहे, त्याने तीन तास गाडी जांबुघोड्यात लावली तर कोणाचं नुकसान आहे? गाडीतळाचे पैसे पंचायतीला जातील. चहा-भज्यावाल्याचाही धंदा होईल. ताई म्हणतात तसा मुक्कामाचा भाविक किंवा घरी येणारा भाचा, त्याने गावाचं नाव सांगावं आणि जावं. नाक्यावर नंबरप्लेट न बघता विचारपूस करायची, इतकाच बदल.

हालोलची_शिफ्ट

नाव सांगितलं की सोडायचं, तर सगळेच नाव सांगतील. मग बंद कसलं ते?

बोडेलीची_बाई

तेच. आणि ही विचारपूस कोण करणार, तर बाहेरचा होमगार्ड, ज्याला फळियांची नावं माहीत नाहीत.

काका, तुमची खरी अडचण गाडीच्या वेगाची आहे, हे तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं आहे. आमचीही तीच आहे. आमची मुलं त्याच कडेने शाळेत चालत येतात, तीच चार बोटांची कड, तीच खडी. आर अँड बी, म्हणजे रस्ते आणि इमारती खात्याकडे दोन गोष्टी मागा. ताशी ३० ची मर्यादा वळणांवर गतिरोधकांसकट, आणि डांबराच्या दोन्ही अंगांना मुरूम दाबून कड सपाट करणं. याचा फायदा सातही दिवस, आणि पायी चालणाऱ्यालाही. या अर्जावर पहिली सही माझी, आमच्या ग्रामसभेत तो मी स्वतः वाचून दाखवीन. रस्ता बंद करण्याच्या अर्जाला मात्र माझा तिथे विरोधच असेल, तोही आत्ताच सांगून ठेवते.

सुरसागरकाठी

ठीक आहे ताई, दोन अर्ज वेगळे करतो. वेगमर्यादा आणि मुरमाचा मसुदा गुजरातीत लिहून तुम्हाला आधी पाठवतो, फळियांची नावं तुम्ही घाला. बंदचा अर्ज माझ्या नावाने जाईल. ग्रामसभेत बोलायला मीही येईन.