शेतात राबलेल्या म्हाताऱ्यांना व्यायाम कशाला?

पांढरीचा पोट्टा: यवतमाळ जिल्ह्यातलं गाव आमचं. मागच्या आठवड्यात उपकेंद्रातल्या ताईनं साठीच्या वरच्या लोकायले घरी कराचे व्यायाम दाखवले. खुर्चीवरून उठ-बस, भिंतीले हात टेकून टाचा उचलणं, असं. माह्या मते हे शहरातलं खूळ आहे. माह्या मायनं जल्मभर निंदण केलं, कापूस वेचला, डोक्यावर भारे आणले. आता तिले टाचा वर-खाली कराले सांगता? लोक हासतीन.

आंबाडीची भाजी: अगदी खरं. म्हाताऱ्या माणसाच्या हाताला काम राहू द्या. अंगण झाडलं, तूर पाखडली, बकऱ्या सोडून आणल्या की झाला व्यायाम. आमचे आबाजी शेवटपर्यंत धुऱ्यावर चक्कर मारायचे. हल्लीची पोरंच त्यांना 'बसा तुम्ही, आराम करा' म्हणून बाजेवर बसवतात आणि मग योगा शिकवायला निघतात.

वर्ध्याची फिजिओ: आंबाडीची भाजी, बाजेवर बसवू नका हे शंभर टक्के मान्य. घरातलं कामही हालचालीत मोजलं जातंच. पण पोट्टाभाऊ, आई आता शेतात जाते का? जात नसेल तर चाळीस वर्षांचं निंदण आज पुरत नाही. मांडीचा स्नायू कामात नसला की उतरतो, आणि म्हातारपणी लवकर उतरतो. बाजेवरून उठताना त्या दोन्ही हात गुडघ्यांवर दाबतात का, पुढे-मागे झोका घेऊन उठतात का, एवढं बघा. तसं असेल तर मांडीत जोर राहिलेला नाही.

दुसरं म्हणजे निंदण आणि वेचणी दोन्ही वाकून करायची कामं. कंबर त्यात झिजते, तोल त्यात सुधारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत ६५ च्या वरच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आहेच. शिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस ताकदीचे व्यायाम, आणि तीन दिवस तोल आणि ताकद दोन्ही साधतील असे. धुऱ्यावरची चक्कर पहिल्यात बसते, बाकीचं राहूनच जातं.

आणि शहरी खूळ म्हणाल तर न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठानं घरी करायचा असाच कार्यक्रम तयार केला. पाय बळकट करणं, तोल सांभाळणं आणि चालणं. शिकवायला माणूस घरी यायचा, एका ठिकाणी तर नर्सच जायची. पडण्याचं प्रमाण साधारण ३५ टक्क्यांनी कमी झालं, आणि जास्त फायदा ८० च्या वरच्यांना. तुमच्या गावच्या ताई यापेक्षा वेगळं काय सांगतात?

पांढरीचा पोट्टा: न्यूझीलंडले सारवलेली जमीन नसन. आमच्या घरी प्लास्टिकची खुर्ची आहे, उठताना मागं सरकते न पाय फाकवते. माय पडली तं ताई येईन का उचलाले?

वर्ध्याची फिजिओ: हा मुद्दा बरोबर. खुर्ची भिंतीला पाठ लावून ठेवा, नाहीतर ओट्याच्या कडेवर बसवा. ओटा गुडघ्याएवढा उंच हवा. सुरुवातीला हात टेकून पाच वेळा पुरे, जमलं की दहा. टाचा उचलताना दाराची चौकट धरायची. बोलता येईल इतपतच दम लागू द्यायचा.

मोठी सून: सासूबाईंचे गुडघे झिजलेत. एका डॉक्टरांनी सरळ सांगितलं, हालचाल कमी करा. तेव्हापासून त्या उठतच नाहीत, मग ऐकू कोणाचं?

वर्ध्याची फिजिओ: गुडघा लाल आणि गरम होऊन सुजला असेल तर थोडे दिवस थांबा. एरवी झिजलेल्या गुडघ्याला व्यायाम हा उपचारातलाच भाग आहे. बसूनच एक पाय समोर ताठ करायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचा. उकिडवं बसणं मात्र टाळा.

आंबाडीची भाजी: तुम्ही काही म्हणा, म्हातारी माणसं पडतात ती न्हाणीत. शेवाळलेली फरशी, अंधार आणि पायात गुळगुळीत चपला. तिथं टाचा उचलून काय होणार? आधी भिंतीला दांडी ठोका. पाचशे रुपयांत काम होतं.

वर्ध्याची फिजिओ: दांडी ठोकाच! पण ती धरून उठायलाही मांडीत जोर लागतो. अजून एक. बीपीची गोळी चालू असेल तर झोपेतून उठल्यावर आधी दोन मिनिटं बाजेच्या कडेला बसू द्या, मग उभं करा. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरका. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथंच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. लकवा होऊन गेलेल्यांनी इथलं वाचून काहीच सुरू करू नये, आधी तपासून घ्यावं.

पांढरीचा पोट्टा: मायले आत्ता पाह्यलं बाजेवरून उठताना. गुडघ्यावर हात ठेवूनच उठते. दांडी लावतो उद्याच. पण उठ-बस कर म्हणून तिले सांगाची माही हिंमत नाही बा, ताईलेच पाठवा घरी.

आंबाडीची भाजी: पाठवा. आणि ताई गेल्यावर मायच्या हाती तूर द्या पाखडायला.