ओपन की क्लोज्ड, एवढं आधी विचारा

ताई, भाऊ एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंगला जायला तयार आहे पण एकटा जाणार नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग ओपन मीटिंगच शोधा. तिथे घरचे लोकही बसू शकतात, क्लोज्डमध्ये फक्त ज्याला स्वतःला दारू सोडायचीय तोच.

जागा चर्चच्या आवारात असली तरी बिचकू नका. धर्माशी संबंध नसतो, खोली परवडणाऱ्या भाड्यात मिळते म्हणून. फी नाही. शेवटी पिशवी फिरते, त्यात फक्त सदस्य टाकतात, तुम्ही टाकायचं नाही. पूर्ण नाव, पत्ता, नोकरी कोणी विचारत नाही. बोलायचं नसेल तर "आज फक्त ऐकतो" म्हटलं की पुरे. पहिल्या ग्रुपमध्ये सूर जुळला नाही तर दुसरा बघा. भाषा, वय, वातावरण सगळ्याने फरक पडतो. मुंबई-पुण्यात मराठी मीटिंगा आहेत. निघण्याआधी फोन मात्र करा, वेळा बदलतात.

आता महत्त्वाचं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. हात थरथरत असतील तर आधी डॉक्टर, मग मीटिंग. मीटिंग म्हणजे औषधोपचार नव्हे, हे तिथले जुने लोकही सांगतील. उपचारांसाठी पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून हेच काम करतंय. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६.

आणि तुमच्यासाठी अल-अनॉन आहे, खास घरच्यांसाठी. भाऊ ऐनवेळी नाही म्हणाला तरी तुम्ही जा.