टायोगा रोड उघडलाय का, ते आधी बघा
मे महिन्यात आई-बाबांना घेऊन कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कची व्हॅली आणि टुऑलमी मेडोज (डोंगरावरची कुरणं) एकाच दिवसात उरकायचं म्हणताय, पण मेडोजकडे नेणारा टायोगा रोड बर्फामुळे साधारण नोव्हेंबर ते मेअखेर बंदच असतो, कधीकधी जूनही उजाडतो. जुलैत जा. (तेव्हा डास फोडून काढतात, ते वेगळं!) मेडोज ८,६०० फुटांवर आहे, चार पावलांत धाप लागते. आईला आम्ही टेनाया लेकच्या काठी बसवलं, तर तिने हौसेने पाण्यात पाय सोडले आणि किंचाळून लगेच वर घेतले. ऑल्मस्टेड पॉइंटला थांबाच. हाफ डोम हा व्हॅलीतला प्रसिद्ध कडा तिथून पाठमोरा दिसतो, आणि पायाखालचा ग्रॅनाइट कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटलेला. व्हॅली दुसऱ्या दिवशी ठेवा. तिथून मेडोजपर्यंत एका बाजूचाच दीड तास वळणांत जातो.