मदत हवी आहे: ओपिनेल ८ नंबरच्या घडीच्या चाकूच्या मुठीची खाच आतून घासावी का?

बीच लाकडाची मूठ, कार्बन स्टीलचं साडेआठ सेंटीमीटरचं पातं. मुठीवरचं वार्निश काढून तेल द्यायचं आहे.

आतापर्यंत केलेलं: पातं मिटवलं, पातं अडकवणारी धातूची कडी फिरवून लॉक केलं, पातं मिटून बसतं त्या खाचेवर आणि धातूच्या भागांवर मास्किंग टेपचे दोन थर लावले. मग बुचाच्या ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून, मास्क लावून, रेषांच्या दिशेनेच हाताने घासलं. आधी १२० नंबरचा पेपर, मग २२० आणि ३२०. ओल्या फडक्याने पुसून उठलेले तंतू ४०० ने काढले. मशीन मुद्दाम वापरलं नाही, कॉलरजवळ (मुठीच्या टोकाच्या धातूच्या पट्ट्याजवळ) लाकूड पटकन खाली जातं आणि धातूची कड बोटाला लागते.

बाहेरची बाजू झाली. अडचण आतली आहे. पुण्यात पावसाळा सुरू झाला की लाकूड फुगतं आणि पातं इतकं आवळतं की नखाने उघडताना ते एकदम सुटून बोट कापायची भीती वाटते. पातं ज्यावर फिरतं ती पिन काढायची नाही; परत तशी घट्ट बसवण्याचं साधन नाही. याच चाकूने फळं कापतो, म्हणून ड्रायर (लवकर सुकवणारी रसायनं) घातलेलं उकळलेलं जवस तेल नको. कच्चं जवस किंवा टंग तेल चालेल, बोहरी आळीत शोधेन.

पातं पूर्ण उघडून लॉक केल्यावर पातळ पट्टीला २२० चा पेपर चिकटवून खाच घासली, तर दोन्ही बाजूंनी किती जागा सोडावी म्हणजे उन्हाळ्यात पातं डुगडुगणार नाही? की खाचेत फक्त तेल मुरवणं पुरेल? पुरणार असेल, तर दमट हवेत तेलाच्या एका हातानंतर दुसरा हात देण्याआधी किती दिवस थांबावं?