किशोरवयातले प्रेम आणि अकाली आलेले पालकत्व: वाचनगटासाठी कादंबरी सुचवावी

सुरंगी (देवगड):
नमस्कार. मे महिन्यात चाकरमान्यांची मुले गावी आली की आमच्या वाचनालयाच्या पडवीत दर शनिवारी दहावी-अकरावीच्या मुलामुलींचा गट बसतो. गेल्या वर्षी आम्ही मिलिंद बोकील यांची 'शाळा' वाचली, आणि ती संपल्यावर एका मुलीने विचारले की, अशा प्रेमातून मूल झाले असते तर पुढे काय झाले असते. क्षणभर कोणीच बोलले नाही. मी चहाचे आधण पाहण्याच्या निमित्ताने आत गेले, हे इथे कबूल करते. त्या प्रश्नाला सामोरी जाणारी, परंतु मुलीला बदनाम करून मोकळी न होणारी कादंबरी हवी आहे. इंग्रजी असली तरी चालेल.

खाडीकाठ (दाभोळ):
ताई, निक हॉर्नबी यांची 'स्लॅम' (2007) घ्यावी. निवेदक सॅम हा लंडनमधला स्केटबोर्डवेडा मुलगा असून मनातले सारे तो भिंतीवरच्या टोनी हॉक या नामवंत स्केटबोर्डपटूच्या पोस्टरला सांगतो. त्याची मैत्रीण ॲलिशिया हिला दिवस गेल्याची शंका येते तेव्हा हा गडी हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावी पळतो आणि आपला मोबाइल समुद्रात फेकून देतो, जणू फोन बुडाला की बातमीही बुडेल. त्याच्या आईलाही सोळाव्या वर्षीच मूल झालेले असल्यामुळे तिचा राग आणि तिची माया एकमेकांपासून वेगळी काढता येत नाही. माझ्या मते पुस्तकाचा खरा कस तिथेच लागतो. मध्येच सॅम भविष्यात जाऊन पडतो, शेजारी मूल रडत असते आणि त्याला कसे घ्यायचे हेच त्याला ठाऊक नसते. मुले या प्रसंगाला हसतील, पण लगेच गप्पही होतील.

जुना ग्रंथपाल (वेंगुर्ले):
निवड योग्य आहे, मात्र एक उणीव ध्यानात ठेवावी. सगळी हकिगत सॅमच्या तोंडून येत असल्याने ॲलिशिया आपल्याला त्याच्या नजरेतूनच दिसते; म्हणून तो पळून गेला त्या दिवसाचे एक पान मुलांकडून तिच्या बाजूने लिहवून घ्यावे, मुलग्यांकडूनही. शिवाय कथेतला कायदा तिथला आहे. आपल्याकडे बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती ग्राह्य धरली जात नाही आणि गुन्ह्याची माहिती मिळालेल्या व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन असते. तेव्हा गटात कोणी स्वतःची गोष्ट सांगू लागल्यास ती गुप्त राखण्याचे वचन देऊन बसू नये.

सुरंगी (देवगड):
दोघांचीही आभारी आहे. वचनाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. पहिल्या बैठकीपूर्वी आमच्या ओळखीच्या वकीलबाईंशी बोलून घेते. पुस्तकाची प्रत मुंबईहून येणाऱ्या पुतण्याकडून मागवली आहे. इंग्रजी सर्वांना झेपणार नाही, त्यामुळे हेस्टिंग्जचा भाग मीच मराठीत सांगेन, आणि या खेपेस चहा आधीच करून ठेवीन.